तीस मापांचं पोतं

संपादकांचं पत्र आलं, "गुरुजी, शाळेतल्या आठवणी लिहा. हुशार विद्यार्थ्यांच्या लिहा." हुशार मुलं आमच्याही शाळेत होती. एक बिदरला वकील आहे, एक गुलबर्ग्याला मोठ्या कचेरीत साहेब आहे, आणि दोघंही भेटले की वाकून नमस्कार करतात. पण त्यांच्या हुशारीत माझा हात किती, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. ज्यात माझा हात नक्की होता असं एक गणित आहे. तेच लिहितो. वाचकांना कंटाळा आला तर पान उलटावं.

अपूर्णांकांचा भागाकार मी तीस वर्षं शिकवला, आणि त्यातली निम्मी वर्षं तो मला स्वतःला कळलेला नव्हता. करता येत होता. फळ्यावर खडू टेकवला की उत्तर चुकायचं नाही. पण करता येणं आणि कळणं यात फरक आहे, हे कळायला मला एका उप्पीट करणाऱ्या बाईचं नाव खराब करावं लागलं.

आमची शाळा मंठाळच्या पुढे तीन-चार कोसांवर. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. शाळा मराठी, राज्य म्हैसूरचं. हुकूम कानडीत यायचे. पुस्तकं मराठीत यायची, पण कधीकधी दिवाळी उलटून गेल्यावर. मग महाराष्ट्रात, उमरग्याला जाणारं कुणी गाठून तिकडची पुस्तकं मागवायची, आणि दोन्ही पुस्तकांतली उत्तरं जुळली नाहीत की माझी पंचाईत व्हायची. मापांचा घोळ तर विचारू नका. गावात शेर आणि पायली, पुस्तकात किलो आणि लिटर. कापडाच्या दुकानात तोंडानं गज म्हणायचे आणि हातानं मीटर मोजायचे. जुन्या माणसांना पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी तोंडपाठ असायची. सतरा पाऊण किती, हे ओसरीवरचा एखादा आजोबा मी पाटी हातात घ्यायच्या आत सांगायचा. पण ही सगळी गुणायची पाठांतरं. भागायची पावकी कुणी केली नाही. ते काम सरकारनं माझ्या गळ्यात घातलं होतं.

बाहेरच्यांसाठी रीत सांगतो. पहिला अपूर्णांक तसाच ठेवायचा, दुसरा उलटा करायचा, आणि भागण्याऐवजी गुणायचं. तीन भागिले एक छेद दोन, म्हणजे तीन गुणिले दोन, म्हणजे सहा. संपलं. मी हे मुलांकडून एका सुरात म्हणून घेत असे. "का उलटा करायचा?" असं कुणी विचारलं तर म्हणायचं, "रीत आहे." माझ्या गुरुजींनी मला हेच सांगितलं होतं आणि त्यांनाही कुणीतरी हेच सांगितलं असणार.

एकदा तुळशीराम नावाचा शेतकरी बैलगाडी थांबवून शाळेच्या दारात आला. त्याचं पोरगं पाचवीत होतं.

"गुरुजी, पोरगं म्हणायलंय, तीन भाकरीला अर्ध्यानं भागलं की सहा व्हतेत. खरं हाय का?"

"खरं आहे."

"मग घरात सहाजण हाव. तीन भाकरीत पोट कामून भरत न्हाई?"

मुलं खिदळली. मी म्हणालो, "अरे, सहा तुकडे होतात. सहा भाकरी नव्हेत."

"मग तुकडं म्हणा की. सहा काय, ते तर सांगाल का न्हाई?"

तो गेल्यावर मीही मुलांबरोबर हसलो. अडाणी माणूस, त्याला काय कळणार, असं मनात म्हटलं.

दुसरा मासला बसवकल्याणच्या शिंप्याचा. घरात बायको आणि तीन मुली. एका झंपराला पाऊण मीटर कापड लागतं, म्हणून मी एकाच ताग्यातलं पाच मीटर घेतलं. घरीच गणित करून ठेवलं होतं : पाच भागिले तीन छेद चार, उत्तर सहा पूर्णांक दोन तृतीयांश. म्हणजे सहा झंपर होतील आणि दोन तृतीयांश मीटर कापड उरेल. उरलेल्यात धाकटीला परकराची पट्टी लावू, असं बायकोला सांगूनही टाकलं. शिंप्यानं सहा झंपर शिवले आणि अर्धा मीटर तुकडा परत दिला. मी म्हणालो, "मियाँ, यात कापड कमी आहे."

"कम कैसा, मास्टरसाब?"

"दोन तृतीयांश उरायला पाहिजे. हा अर्धा आहे."

म्हातारा शिंपी सुईत दोरा ओवत होता, तो थांबला. "कपडा मैं खाया बोलते क्या? मेरे सामने नापो." त्यानं सहा झंपर एकावर एक ठेवले आणि माझ्याच हातात टेप दिली. सहा पाऊण साडेचार. पाचातून साडेचार गेले, राहिला अर्धा. हे तर पाऊणकी येणाऱ्या पोरालाही कळलं असतं. मग माझे दोन तृतीयांश कुठले? मी तुकडा घेतला आणि बस पकडली. माफी मागायला हवी होती, ती मागितली नाही. वाटेत तिकिटाच्या मागे तेच गणित तीनदा केलं आणि तिन्ही वेळा उत्तर सहा पूर्णांक दोन तृतीयांशच आलं. गणितही बरोबर आणि शिंपीही बरोबर. असं कसं होतं, हे मला उलगडेना, आणि न उलगडणारी गोष्ट बाजूला सारायची सवय मास्तरांना फार लवकर लागते.

आता मुख्य गोष्ट.

राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं, त्याच्या आगेमागची ही वर्षं. शाळेत दुपारी मुलांना उप्पीट द्यायची योजना आली. परदेशी गव्हाचा दलिया पोत्यांतून यायचा. आमच्या शाळेत तीस मुलं आणि मास्तर दोघं : हेडमास्तर वीरभद्रप्पा आणि मी. उप्पीट करायला गावातली म्हाळसाअक्का ठेवली. धनगराघरची बाई, नवरा वारलेला, दोन लेकी पदरात. मेंढरं केव्हाच विकली गेली होती आणि ती रोजंदारीवर जायची. शाळेतलं काम मिळाल्यावर तिनं चूल सारवून घेतली, भिंतीला पांढरी माती लावली, आणि पहिल्याच दिवशी एका पोराला हात न धुता ताटावर बसला म्हणून कान धरून उठवलं. मुलं तिला भ्यायची आणि तिच्याच पदराला हात पुसायची.

एका पोत्यात साडेबावीस किलो दलिया. रोज सव्वादोन किलो शिजवायचा, असा वरून हुकूम. खेड्यात रोज जोखत कोण बसणार? म्हणून मी एक युक्ती काढली. रुंद तोंडाचा पत्र्याचा डबा होता. तो दुकानात नेला, दलिया भरला, वरून फूटपट्टी फिरवून सपाट केला आणि जोखला. बरोबर पाऊण किलो. म्हणजे रोज तीन मापं. अक्काला सांगितलं, "रोज तीन डबे घालायचे. जास्त नाही, कमी नाही." तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून दर मापाला भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायला सांगितलं. माझ्या व्यवस्थेवर मी खूष होतो.

साडेबावीस भागिले तीन छेद चार. उलटा करा, गुणा. तीस. पोत्यात तीस मापं, रोज तीन, म्हणजे पोतं दहा दिवस जाणार. हे गणित मी सहावीच्या मुलांना फळ्यावरही घातलं. पुस्तकातल्या काल्पनिक व्यापाऱ्यापेक्षा समोर शिजणारं उप्पीट बरं.

पहिलं पोतं आठव्या दिवशी संपलं.

मला वाटलं, पोतं फाटकं असेल. दुसरंही आठव्या दिवशी संपलं. तिसरंही. नवव्या आणि दहाव्या दिवशी चूल पेटायची नाही आणि मुलं घरी जाऊन यायची. मग वरच्या कचेरीचं पत्र आलं : धान्य मुदतीआधी का संपतं, याचा खुलासा करा.

हेडमास्तर घाबरले. सरळ माणूस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. कानडी वळणानं मला म्हणाले, "गुरुजी, गणित तुमचं पक्कं आहे री. तुमीच बघा."

मी बघितलं. दुपारच्या सुट्टीत अक्काला बोलावलं. गावातली दोन-चार जाणती माणसंही पत्राचं ऐकून आली होती.

"अक्का, रोज किती मापं घालतीस?"

"तीन."

"कधी चार?"

"न्हाई. बिरोबाची आण. तीनच."

मी भिंतीवरच्या रेघा मोजल्या. त्या पोत्याच्या चोवीस. तीन आठे चोवीस, तिथवर तिचं खरं होतं. मी म्हणालो, "पोत्यात तीस मापं असतात. चोवीस घातली. सहा कुठं गेली?"

"तीस कामून? आठ दिसात पोतं झटकून ठेवायलेय म्या. चोवीसच निघतेत."

"गणितानं तीस येतात."

तिनं माझ्याकडे बघितलं. "मग गणितालाच इचारा की."

कुणीतरी हसलं आणि मला राग आला. सगळ्यांच्या देखत एक अडाणी बाई मला उलट बोलते, याचाच तो राग होता. मी वरच्या कचेरीला पाठवायच्या खुलाशासाठी कागद घेतला. सहा मापं, दर मापी पाऊण किलो, म्हणजे पोत्यामागं साडेचार किलो दलियाचा पत्ता लागत नाही. रीत सगळी मांडली आणि उत्तराखाली परीक्षेत ओढतात तशी दुहेरी रेघ ओढली. चोरी हा शब्द मी लिहिला नाही. गरजही नव्हती. भांड्याच्या तळाची खरवड ती लेकींसाठी घरी न्यायची, तेवढं लोकांना पुरलं. शाळेचा दलिया अक्का बाजारात विकते, असं आठवड्याभरात गावभर झालं. हेडमास्तरांनी तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिनं डबा धुतला, पालथा घातला आणि गेली. लेकी दोन दिवस शाळेत आल्या, मग त्याही येईनाशा झाल्या. पोरं त्यांना चिडवत होती, हे मी ऐकलं होतं.

तिच्या जागी किराणा दुकानवाल्याची सून आली. तोच डबा, तेच पोतं, रोज तीन रेघा. मी रोज मोजत होतो. पोतं बरोबर दहाव्या दिवशी संपलं. शेवटचं माप काढून तिनं पोतं उलटं केलं, तर चिमूटभर दलिया खाली पडला. मला आनंद झाला, हे लपवत नाही. हेडमास्तरांनी पाठ थोपटली.

पण मुलं म्हणू लागली, "गुरुजी, उप्पीट कमी पडायलंय."

"तेवढंच आहे. तीन मापं."

"अक्का असताना पोट भरायचं."

मी म्हणालो, ही मनाची समजूत आहे. पण तीस पोरांची एकाच वेळी एकच समजूत कशी होईल? मी भांड्यात डोकावून बघू लागलो. पाणी तेवढंच, मीठ तेवढंच, मापं तीन. तिच्या वेळीही तीन. मग पोट कसलं भरत होतं? अक्कानं दलिया नेला असेल तर मुलं तिच्या वेळी उपाशी राहायला हवी होती आणि आता पोटभर जेवायला हवी होती. इथं सगळं उलटंच दिसत होतं. शाळा सुटल्यावर मी पाटीवर ते गणित मांडायचो, पुसायचो, पुन्हा मांडायचो. बायको म्हणायची, "कामून डोकं धरून बसायलाव?" तिला काय सांगणार?

मग येळवस आली. आमच्या भागात त्या अवसेला गाव ओस पडतं, सगळे शेतात जेवायला जातात आणि वाटेनं दिसेल त्याला हाताला धरून पंगतीला बसवतात. मला तुळशीरामनं धरलं. कडब्याच्या खोपीपाशी भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, सगळं मांडलेलं. आणि चुलीपाशी म्हाळसाअक्का. तुळशीरामच्या बायकोनं तिला हाताखाली घेतलं होतं. तिनं मला बघितलं, पदर सावरला आणि पुन्हा चुलीकडे वळली. मला घास गोड लागेना.

तेवढ्यात आणखी एक गाडीभर पाहुणे आले. तुळशीरामची बायको ओरडली, "अक्का, तांदूळ घाल गं अजून, चार मापं!"

अक्कानं शेराचं माप पोत्यात खुपसलं आणि वर काढलं. मापावर तांदळाचा उंच ढीग, कडेनं दाणे ओघळतायत. गावाकडे याला शीग म्हणतात. तिनं शीग मोडली नाही. दुसरा हात खाली धरून तसंच माप पातेल्यात उलटं केलं. "लाभ," ती म्हणाली. आमच्यात धान्य मापताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग "दोन." तीही शिगेची. "तीन." "चार."

माझ्या हातातला उंडा हातातच राहिला.

मी उठून तिच्याजवळ गेलो. "अक्का, तू माप असंच भरतीस?"

"मग कसं भरू?"

"सपाट. वरून हात फिरवून."

"सपाट माप इकायचं असतंय, गुरुजी. खायाला घालायचं माप शिगेचं. आमच्या सासूनं असंच शिकिवलंय. सपाट मापानं कुणी पंगत वाढतंय का?"

"शाळेतही असंच भरत होतीस?"

"व्हय की."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलात किती मापं. म्या सांगितलं, तीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडायच्या आधी मी डबा घेऊन दुकानात गेलो. सपाट चार मापं जोखली : तीन किलो. मग शिगेची चार मापं, तिनं भरली होती तशी, दाणे ओघळू देऊन : पावणेचार किलो. म्हणजे एक शिगेचं माप पंधरा छेद सोळा किलो. तिथंच पुडीच्या कागदावर मांडलं. साडेबावीस भागिले पंधरा छेद सोळा. उलटा करा, गुणा. पंचेचाळीस छेद दोन, गुणिले सोळा छेद पंधरा.

चोवीस.

ना कमी, ना जास्त. भिंतीवर तेवढ्याच रेघा होत्या. भागाकार म्हणजे फक्त एवढंच विचारणं, की या पोत्यात हे माप किती वेळा बसतं. माप बदललं की उत्तर बदललं. अर्ध्या भाकरीचं माप तीन भाकऱ्यांत सहा वेळा बसतं. आणि झंपराचे ते दोन तृतीयांश मीटरचे नव्हतेच, ते झंपराचे होते : अर्धा मीटर म्हणजे पाऊण मीटरच्या झंपराच्या तीन भागांतले दोन. हे सगळं त्या दुकानाच्या पायरीवर एका दमात कळलं आणि मला कशाचाही आनंद झाला नाही. मी कुठलं माप, हे न विचारता एका बाईला चोर ठरवलं होतं.

हेडमास्तरांना कागद दाखवला. "तुमचा पहिला कागद वर गेला आहे री. आता दुसरा पाठवला तर वर म्हणतील, या शाळेतल्या मास्तरलाच भागाकार येत न्हाई." मी म्हणालो, ते खरंच आहे. मग त्यांनी दुसराही कागद पाठवला. त्याचं उत्तर कधी आलं नाही.

अक्काच्या घरी मीच गेलो. ती दारात शेंगा फोडत बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. चोवीस, तीस, पंधरा छेद सोळा. तिनं ऐकून घेतलं.

"मंजी, म्या चोरलं न्हाई हे तुमाला आता कळलं."

"हो."

"मला तर तवाच ठावं हुतं."

ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "मला सांगून काय व्हतंय, गुरुजी? चावडीवर सांगा."

सांगितलं. रविवारी चावडीवर तराजू, डबा आणि दलिया नेला आणि सगळ्यांसमोर दोन्ही तऱ्हेनं जोखून दाखवलं. चूक माझी होती, असं मोठ्यानं म्हणालो. माणसं तराजूकडे बघत होती. एक म्हातारा म्हणाला, "मंजी चोरी न्हाई. पर जास्ती घातलं हे तर खरं की." दुसरा म्हणाला, "गुरुजीच्या गणितात काय बी येतंय. परवा चोर हुती, आज साव झाली." लोकांना नक्की काय पटलं, ते मला आजही सांगता येत नाही. अक्का कडेला उभी होती. हेडमास्तरांनी तिला विचारलं, "पण बाई, आठ दिवसांत पोतं संपलं तर पुढचे दोन दिवस लेकरं उपाशी. त्याचं काय?"

"दोन दिस घरची भाकर खातील. पर पंगतीला बसवून कमी घालायचं, हे आमच्यात न्हाई."

मी या वाक्यावर खूप विचार केला आहे. दलिया दोन्हीकडे साडेबावीस किलोच. आठ दिवस पोटभर आणि दोन दिवस काहीच नाही, की दहा दिवस थोडंथोडं? ज्याच्या घरी भाकर आहे त्याचं एक उत्तर, ज्याच्या घरी नाही त्याचं दुसरं. तीस मुलांत तशी दोन्ही होती. कुठल्या रीतीनं सोडवायचं, मला माहीत नाही. त्या दिवशीही माहीत नव्हतं.

हेडमास्तरांनी तिला परत घेतलं, पण अट घातली : माप सपाट. दुकानवाल्याची सून आनंदानं मोकळी झाली. सोमवारी अक्का आली, लेकींना घेऊन. मी तिला माझी फूटपट्टी दिली आणि डबा कसा सपाट करायचा ते दाखवलं. तिनं पट्टी उलटीसुलटी करून बघितली. मग पहिलं माप भरलं, पट्टी फिरवली. दाणे परत पोत्यात पडले. दुसरं. तिसरं. भिंतीवर तीन रेघा ओढल्या. उप्पीट शिजलं, पंगत बसली. अक्का परत आली म्हणून मुलं हरखली होती, तिच्या नावानं ओरडत होती. तिनं वाढलं. मुलांनी ताटं पुसून खाल्ली आणि सवयीनं पुन्हा पुढे केली. "अक्का, आणिक."

भांडं रिकामं होतं. ती पळी हातात धरून पंगतीच्या मधोमध उभी राहिली. तिच्या धाकट्या लेकीनंही ताट पुढे केलं होतं.

तिनं भांडं घासलं, डबा धुतला, चूल विझवली. मग माझ्यापाशी येऊन पट्टी माझ्या हातात दिली.

"ही घ्या तुमची पट्टी. तुमचं गणित बराबर हाय, गुरुजी. पर लेकरं माझ्याकडं बघायलेत, तुमच्याकडं न्हाई."

"अक्का, तुझ्या नावावरचा डाग आता गेलाय. नोकरी सोडू नको."

"म्हणूनच सोडायलेय. आता चोर म्हणून जात न्हाई मी."

लेकी मात्र शाळेतच ठेवल्या. ती पुन्हा रोजंदारीवर गेली. वाटेत भेटली की थांबायची, लेकींचा अभ्यास विचारायची. राग धरलेला दिसला नाही, पण मला तिच्या नजरेला नजर देता यायची नाही.

दुसऱ्या दिवशी उप्पीट करायला कुणीच नव्हतं. मी आणि हेडमास्तरांनी चूल पेटवली. मापायला मी बसलो. डबा पोत्यात खुपसून वर काढला. वर चांगली शीग आली होती. दारात मुलं येऊन उभी राहिली होती, त्यात अक्काच्या दोन्ही लेकी. सगळी माझ्या हाताकडे बघत होती. मी पट्टी उचलली आणि फिरवली.